केबल बदलली, तरी कॉपी अडलेलीच

जुन्या हार्ड डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर हलवायचं, एवढंच काम होतं. रात्री कॉपीला लावायचं, सकाळी झालेलं असेल, अशा हिशेबाने मी बसले आणि त्यातून सुटायला नऊ दिवस लागले.

जुनी डिस्क १ टेराबाइटची, डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये कित्येक वर्षं मुकाट चाललेली. तिच्यावर फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं, जुन्या मेलचा साठा आणि आत्याच्या लग्नाचा व्हिडिओ. तो मिनीडीव्ही कॅसेटवर घेतलेला, नंतर कॅमेऱ्यातून फायरवायर केबलने काँप्युटरवर उतरवलेला. पन्नास मिनिटांची एकच फाइल, ११ जीबीची. कॅमेरा केव्हाच बिघडला आणि कॅसेट घर बदलताना गेली. म्हणजे जे काही होतं ते या एका डिस्कवर. हो, दुसरी प्रत नव्हती. नवी २ टेराबाइटची डिस्क आणली ती त्यासाठीच, आणि उशिरा आणली हे मला माहीत आहे.

नवी डिस्क कॅबिनेटमध्ये बसवली, फॉरमॅट केली, जुनीवरचे सगळे फोल्डर सिलेक्ट करून कॉपी सुरू केली. पहिली दहा मिनिटं वेग सेकंदाला ११० एमबी. मग आलेख एकदम खाली आला, शून्यावर टेकला, अर्धा मिनिट तसाच राहिला, पुन्हा वर गेला. असं चार-पाच वेळा झालं आणि मग चौकट उघडली: आय/ओ (म्हणजे वाचन-लेखनाची) डिव्हाइस एरर, ०x८००७०४५डी. ट्राय अगेन दाबलं की गाडी पुढे जायची, थोड्या वेळाने पुन्हा तेच. लग्नाच्या व्हिडिओवर मात्र वेगळाच संदेश आला: डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक. तिथे ट्राय अगेन कितीही दाबा, साठ टक्क्यांच्या आसपास येऊन फाइल अडायची ती अडायचीच.

दोन संदेश वेगळे आहेत याकडे मी बघितलंच नाही. कॉपी होत नाहीये, एवढंच डोक्यात. पुढचे चार दिवस गेले ते यामुळे.

पहिला संशय अर्थातच नव्या डिस्कवर. सगळं ठीक चाललेलं असताना घरात जो नवा आला, त्याच्यावरच बालंट येणार. पण तेच फोल्डर सिस्टिमच्या एसएसडीवर कॉपी करून बघितले तर तिथेही तीच रड. नवी डिस्क सुटली. अँटिव्हायरस बंद करून बघितला, फाइलींची नावं लहान करून बघितली, अपडेट घालून बघितले. यातलं कशानेच काही झालं नाही, आणि होणारही नव्हतं, पण हात शिवशिवत असले की माणूस काहीतरी करत राहतो.

दुसऱ्या रात्री मी रोबोकॉपी लावली. कमांडने कॉपी करणारी ही सोय विंडोजमध्येच असते, मोठ्या कामाला एक्स्प्लोररपेक्षा बरी. फाइल वाचता आली नाही तर ती पुन्हा प्रयत्न करते, हे मला माहीत होतं. किती वेळा, हे माहीत नव्हतं. सकाळी बघते तर स्क्रीनवर लग्नाच्या व्हिडिओचं नाव, त्याखाली चूक, त्याखाली ‘३० सेकंद थांबत आहे’ या अर्थाची ओळ, पुन्हा तेच नाव, पुन्हा चूक. रात्रभर तेवढंच. नंतर मदतीचं पान वाचलं तर कळलं की काही न सांगता सोडली तर रोबोकॉपी एका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि दर वेळी ३० सेकंद थांबते. नुसतं थांबण्यातच जवळपास साडेअकरा महिने गेले असते. आर आणि डब्ल्यू हे दोन पर्याय १ वर ठेवले की एकदा प्रयत्न करून ती पुढे सरकते. हे त्या रात्रीच्या आधी वाचायला हवं होतं, कारण रात्रभर एका आजारी डिस्कला मी तीच दुखरी जागा पुन्हा पुन्हा दाबायला लावली होती.

मग कुठे मी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडला. तिथे ‘डिस्क’ या नावाखाली १५३ क्रमांकाच्या नोंदींची रांग होती. वाचन किंवा लेखन एकदा फसलं, पुन्हा करावं लागलं, असा त्यांचा अर्थ. मधूनमधून १२९: डिस्क उत्तर देईना म्हणून तिला रीसेट करावं लागलं. आलेख शून्यावर टेकायचा तो याच वेळांना. आणि काही ठिकाणी ७: बॅड ब्लॉक, म्हणजे डिस्कवरची खराब जागा. या सातच्या नोंदी मोजक्या होत्या, म्हणून त्या मी सोडून दिल्या. गर्दी जिकडे, तिकडे नजर गेली.

त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची टिपणं ठेवत असते, त्याला स्मार्ट म्हणतात. हा प्रोग्रॅम ती वाचून दाखवतो. वर पिवळा चौकोन, ‘कॉशन’. खाली मोठी यादी. यादीत सी७ क्रमांकाची ओळ दिसली, अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट, आणि मला वाटलं, सापडलं! संदेशात सायक्लिक रिडंडन्सी चेक म्हणजे सीआरसी, इथेही सीआरसी. समोरचा आकडा १ए४. हे आकडे तिथे मुळात सोळाच्या पाढ्यात, म्हणजे दहाऐवजी सोळा अंक धरून (९ नंतर ए ते एफ) लिहिलेले असतात; १ए४ हे खरे ४२०. ४२० आकडा बघून मी एकटीच हसले.

सीआरसीची कल्पना साधी आहे. पाठवणारा डेटावर एक गणित करून त्याची बाकी सोबत पाठवतो. घेणारा तेच गणित करतो. बाकी जुळली नाही तर वाटेत काहीतरी बदललं. डब्ल्यू. वेस्ली पीटरसन यांनी १९६१ साली मांडलेली ही पद्धत आजही जागोजागी आहे. डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलमधून जाणाऱ्या प्रत्येक पुडक्याला अशी ३२ बिटांची बाकी चिकटवलेली असते. जुळली नाही तर पुडकं पुन्हा मागवलं जातं आणि सी७ चा आकडा वाढतो. म्हणजे सी७ वाढणं हा वाटेचा दोष. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधली वाट, आणि ती वाट म्हणजे बहुतेक वेळा केबल.

कॅबिनेट उघडलं. केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवली. झाकण बाजूला ठेवूनच कॉपी लावली, तर वीस मिनिटं एकही अडथळा नाही. काम फत्ते म्हणून झाकण लावलं, स्क्रू पिळले, पुन्हा कॉपी लावली, आणि तीन मिनिटांत आलेख शून्यावर. पुन्हा उघडलं, पुन्हा केबल काढून बसवली, पुन्हा छान. पुन्हा झाकण, पुन्हा बोंब. धाकटा भाऊ दारातून डोकावून म्हणाला, “ताई, तू अजून त्या डब्यात डोकं घालून बसलीयेस?”

“अरे, उघडं असलं की चालतंय. बंद केलं की बंद.”

“मग उघडंच ठेव ना!”

तो चेष्टेत बोलून गेला, पण मला तिथेच थांबायला झालं. केबल बसवण्याने फरक पडत नव्हता तर. झाकणाने पडत होता. टॉर्च घेऊन झाकण हळूहळू सरकवत आत बघितलं. आमच्या कॅबिनेटमध्ये डिस्का आडव्या बसतात, त्यांची मागची बाजू झाकणाकडे. जुन्या डिस्कमध्ये खोचलेलं केबलचं टोक सरळ होतं, बोटाच्या पेराएवढं बाहेर आलेलं, आणि झाकणाचा पत्रा शेवटच्या इंचात त्यावर टेकत होता. केबल तिथून काटकोनात दुमडली जात होती आणि टोक सॉकेटमध्ये किंचित तिरकं होत होतं. सात पिनांचं ते टोक, वर क्लिप नाही; तेवढा तिरकेपणा पुरे होता. केबलच्या लाल आवरणावर पत्र्याच्या कडेची पांढुरकी रेघही उमटलेली.

पण इतकी वर्षं हेच झाकण लागत होतं की! मग आठवलं. या केबलचं एक टोक सरळ, एक वाकडं. नवी डिस्क बसवताना मी जुनीची केबल सोडवली होती आणि परत लावताना उलटी लावली. वाकडं टोक, जे मुद्दाम झाकणाला आड येऊ नये म्हणून डिस्ककडे असायचं, ते मदरबोर्डवर गेलं आणि सरळ टोक डिस्ककडे आलं. बालंट नव्या डिस्कवर घेत होते, आणि करणी माझ्याच हाताची.

दुमडलेली केबल टाकून दिली. नवी केबल, वाकडं टोक डिस्कला. आता मात्र वहीत लिहायला सुरुवात केली, जी पहिल्या दिवशी करायला हवी होती. सी७ आत्ता किती: १डी१, म्हणजे ४६५. झाकण लावलं, चाळीस जीबीचा फोटोंचा फोल्डर कॉपी केला, पुन्हा बघितलं: १डी१. पुन्हा एकदा: १डी१. हा आकडा कधी कमी होत नाही, जन्मभराचा हिशेब असतो तो. वाढायचा थांबला म्हणजे मिळवली.

आलेख सपाट. १२९ च्या नोंदी बंद. आय/ओ एरर बंद. फोटो नव्या डिस्कवर गेले, कागदपत्रं गेली, मेल गेले. आणि लग्नाचा व्हिडिओ साठ टक्क्यांवर येऊन उभा राहिला. डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक.

त्या क्षणी जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही.

वहीत बघितलं: सी७ हललेला नाही. म्हणजे वाटेत काही बिघडत नव्हतं, तरीही विंडोज सीआरसीची तक्रार करत होती. दोन तास वाचल्यावर उमगलं की हे दोन सीआरसी एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. या दुसऱ्या संदेशाच्या एरर क्रमांकाचं शेपूट, ०x८००७००१७ मधलं १७, हे सोळाच्या पाढ्यातले २३. विंडोजमध्ये २३ क्रमांकाच्या चुकीचं नाव फार जुनं आहे आणि त्यात सीआरसी हा शब्द आहे. पण डिस्क जेव्हा कळवते की अमुक सेक्टर (तबकडीवरचा छोटासा कप्पा) मला वाचताच येत नाहीये, तेव्हाही विंडोज हेच नाव पुढे करते. वाटेत सांडलं तर डिस्क पुन्हा पाठवते, म्हणून केबलच्या दोषाने सहसा वेग जातो, थांबे लागतात, डेटा मात्र शाबूत पोचतो. इथे डिस्कलाच स्वतःच्या तबकडीवरचं अक्षर लागत नव्हतं. ते वाचायला ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करायची, आतलं चूक-दुरुस्तीचं गणित करून बघायची, आणि शेवटी हात वर करायची.

मग तो पिवळा चौकोन आठवला. सी७ कितीही वाढला तरी क्रिस्टलडिस्कइन्फो त्यासाठी पिवळा होत नाही. तो पिवळा होता सी५ साठी, करंट पेंडिंग सेक्टर काउंट. तिथे पहिल्या दिवसापासून ८ होते. म्हणजे आठ सेक्टर असे, जे वाचता येत नाहीत आणि ज्यांचं काय करायचं ते डिस्कने अजून ठरवलेलं नाही. वाचता येत नाही म्हणून ती ते लगेच बदलत नाही, कारण बदलले तर आतला डेटा कायमचा गेला. त्या जागी नवं काही लिहिलं गेलं की मगच निकाल लागतो. आठच का, तर अलीकडच्या डिस्का आतून ४०९६ बाइटांचा सेक्टर ठेवतात आणि बाहेर तो ५१२ चे आठ म्हणून दाखवतात. म्हणजे खरी फुटकी जागा एकच. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या त्या मोजक्या ७ क्रमांकाच्या नोंदी हेच ओरडून सांगत होत्या.

इथे मी या सगळ्यातली सर्वांत मोठी चूक केली. “चेकडिस्क मार, बॅड सेक्टर काढून टाकते ती,” भाऊ म्हणाला, आणि मलाही तेच वाटत होतं. चेकडिस्क म्हणजे विंडोजमधलीच डिस्क तपासायची सोय; स्लॅश आर हा पर्याय लावून ती सुरू केली. ती चौथ्या टप्प्यात गेली, जिथे फाइलींचा एकेक तुकडा वाचून बघतात. बऱ्याच वेळाने एक ओळ आली: एका फोटोच्या फाइलीतले बॅड क्लस्टर (सेक्टरांचे गट) बदलले. बदलले म्हणजे काय, हा प्रश्न ओळ वाचल्यावर पडला, आधी पडायला हवा होता. कंट्रोल सी दाबून थांबवली. फोटो उघडला तर वरचा एक तृतीयांश ठीक, खालचं सगळं करडं. चेकडिस्कने न वाचता येणारा तुकडा त्या फाइलीतून काढून तिथे कोरी जागा जोडली होती. तिच्या दृष्टीने फाइल सिस्टिम निरोगी झाली. ती फाइल सिस्टिमची डॉक्टर. फोटोत कोण आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. तो फोटो तोवर नव्या डिस्कवर गेलेला असेल अशी आशा होती, पण आय/ओ एररच्या गोंधळात स्किप केलेल्यांपैकी तो एक निघाला.

सी५ आता २८. सोळाच्या पाढ्यात, म्हणजे ४०. डिस्क जितकी वाचू तितकी कुरतडली जात होती.

यापुढे तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही, असं ठरवलं. (दरम्यान डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्लाही मिळाला. ओल धरलेली तबकडी फिरवायची माझी तयारी नव्हती.) पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा काढणारं डीडीरेस्क्यू वापरलं. त्याची रीत मला फार पटली: फाइलींचा विचारच करायचा नाही, अख्खी डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका मोठ्या इमेज फाइलीत उतरवायची. जिथे अडेल तिथे झगडत न बसता उडी मारून पुढे जायचं, आधी सोपं सगळं पदरात पाडून घ्यायचं. मग उडी मारलेल्या जागांच्या कडा कुरतडत आत जायचं. अगदी शेवटी उरलेल्या सेक्टरांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न. कुठे काय झालं याचा नकाशा एका वेगळ्या फाइलीत राहतो, त्यामुळे मध्येच बंद केलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं. माझ्या रोबोकॉपीच्या रात्रीच्या नेमकं उलट.

पहिली फेरी रात्रीत झाली. सकाळी पाच जागा बाकी होत्या, मिळून २०,४८० बाइट. पुन्हा प्रयत्नांच्या तीन फेऱ्या लावल्या. मी समोर बसून होते. डिस्कमधून टक्, थोडं थांबून टक्, असा आवाज येत होता आणि दर टकेला वाटत होतं की आता ही बसणार. दुसऱ्या फेरीत एक जागा वाचली गेली. तिसरीत आणखी एक. शेवटी उरल्या तीन, १२,२८८ बाइट. एक टेराबाइटमधले बारा हजार बाइट.

पण ते कोणत्या फाइलीतले? यासाठी डीडीरेस्क्यूमध्येच युक्ती आहे. न वाचलेल्या जागा इमेजमध्ये कोऱ्या ठेवण्याऐवजी त्यांत आपला एखादा शब्द भरता येतो. मी असा शब्द भरला जो कुठल्याही फाइलीत आपोआप येणार नाही, इमेज उघडली आणि सगळ्या फाइलींमधून तो शब्द शोधला. तासाभराने एकच नाव आलं. लग्नाचा व्हिडिओ. बाकीच्या दोन जागा कुठल्याच फाइलीत नव्हत्या.

व्हिडिओ नव्या डिस्कवर उतरवला. मूळ डिस्कवरून आधी गेलेल्या आणि इमेजमधून आता काढलेल्या फाइलींचे शा-२५६ आकडे (फाइलीतल्या डेटावरून काढलेली तिची खूण) काढून जुळवले; सगळे जुळले, त्या एका करड्या फोटोशिवाय. तो जुळण्यासाठी दुसरी प्रतच नव्हती.

डीव्ही पद्धतीच्या व्हिडिओचं एक बरं असतं. त्यात प्रत्येक चित्र स्वतंत्र साठवलेलं असतं, आधीच्या-नंतरच्यावर अवलंबून नाही. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत एका चित्राला १,४४,००० बाइट, सेकंदाला अशी २५ चित्रं. मोबाइलवरच्या आजच्या व्हिडिओत एवढंच भोक पडलं असतं तर पुढची कित्येक चित्रं विरघळून गेली असती. इथे ४०९६ बाइट म्हणजे एका चित्राचा पस्तिसावा भाग.

रात्री भावाला बोलावून व्हिडिओ लावला. एकतिसाव्या मिनिटाला मी पुढे झुकले. आत्या कोणाकडे तरी बघून हसते, मान वळवते, आणि माझ्या डोळ्यांना काहीतरी लुकलुकल्यासारखं झालं. मागे नेऊन एकेक चित्र पुढे सरकवलं. सापडलं: मागच्या पडद्यावर चौकोनी ठिपक्यांची एक आडवी पट्टी, पुढच्या चित्रात गायब.

“कुठे? मला तर काहीच दिसलं नाही,” भाऊ म्हणाला. “परत लाव.”